जुन्या मोटरबोटीची पारख

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे, फार तर विज्ञानावर बोलावे. जुन्या मोटरबोटीशी त्याचे काय नाते? नाते थोडेसे घरचे आहे. आमचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील. आजोबा मचव्यावर तांडेल होते. माझे एक वडील मावसभाऊ जहाजावर इंजिनिअर होते; नोकरी संपल्यावर ते मुलाकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी एक जुनी लाकडी मोटरबोट विकत घेऊन ती आपल्या हातांनी नीट करावयाचे मनावर घेतले. शोधाला दोन वर्षे लागली. त्यांतील एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलो, आणि उरलेली हकिकत त्यांच्या पत्रांतून व फोनवरून कळत गेली. आम्ही सारे त्यांना भाई म्हणतो. आजही तेच म्हणेन.

मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. ही बोट म्हणजे काय वस्तू आहे. ती विकत घेण्यापूर्वी तपासावी कशी. आणि शेवटी, ती घ्यावी की न घ्यावी हे ठरवावे कसे. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकांत सापडतात. तिसरी प्रत्येकाला स्वतःच ठरवावी लागते, आणि माझ्या मते सारे महत्त्व तिचेच आहे.

मिशिगनमध्ये सेंट क्लेअर नदीच्या काठी आल्गोनॅक नावाचे एक लहान गाव आहे. तेथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ या नावाचा एक कारागीर राहत असे. त्याने १८७४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आपली पहिली होडी बांधली. पुढे १९२२ साली त्याने आपल्या मुलांना बरोबर घेऊन कंपनी काढली, आणि तिच्या बोटी 'क्रिस-क्राफ्ट' या नावाने प्रसिद्धीस आल्या. मोटारगाडी जशी कारखान्यात एकामागून एक तयार होऊन बाहेर पडते तशा या बोटी बाहेर पडू लागल्या, त्यामुळे मोटरबोट ही केवळ कोट्यधीशांच्या चैनीची वस्तू राहिली नाही. त्याच प्रदेशात जॉन हॅकर या कुशल आराखडाकाराने १९०८ साली आपला कारखाना काढला होता. आणि तिसरा गार वुड. त्याला वेगाचे वेडच होते म्हणा ना! १९३१ साली 'मिस अमेरिका नववी' या बोटीतून त्याने पाण्यावर ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. असे करणारा तो पहिलाच माणूस. पुढल्याच वर्षी दहाव्या बोटीने त्याने हा वेग १२४ मैलांच्या पलीकडे नेला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सहलीच्या बोटींचे काम बंद पडले. क्रिस-क्राफ्टच्या कारखान्यांनी सैनिकांना किनाऱ्यावर उतरविणाऱ्या १२,००० हून अधिक बोटी बांधून दिल्या. युद्ध संपल्यावर लोक पुन्हा सहलीला निघाले, पण चांगल्या लाकडाची टंचाई होती. म्हणून १९४६ च्या काही बोटींवर महोगनीऐवजी सीडरच्या फळ्या बसवून वर रंग दिलेला आढळतो. पुढे काचतंतू आणि राळेसारखे रसायन यांच्या साच्यांतून बोटी निघू लागल्या. त्यांना वॉर्निश नको, दरवर्षीची निगा नको. लाकडी बोटी परसात, गोठ्यात, झाडाखाली पडून राहिल्या. कित्येक तर जाळून टाकण्यात आल्या. क्रिस-क्राफ्टची महोगनीच्या फळ्यांची शेवटची बोट १९७१ साली बांधली गेली.

नेमक्या याच काळात काही लोकांच्या लक्षात आले की आपण काय गमावीत आहोत. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे जुन्या बोटींच्या शौकिनांची एक संस्था स्थापन झाली. १९१८ पर्यंतची बोट 'ऐतिहासिक', १९१९ ते १९४२ ची 'पुरातन' आणि १९४३ ते १९७५ ची 'क्लासिक' अशी वर्गवारी ही संस्था करते. आजही तेथील सरोवरांच्या काठी उन्हाळ्यात या बोटींची प्रदर्शने भरतात. लोक आपापल्या बोटी घेऊन येतात आणि दिवसभर एकमेकांच्या बोटींचे स्क्रू पाहत हिंडतात.

आता बोटीच्या अंगाकडे वळू. येथे विज्ञानाच्या शिक्षकाला थोडी मोकळीक द्यावी. महोगनी, महोगनी असे आपण म्हणतो. परंतु खरी महोगनी मध्य व दक्षिण अमेरिकेतील, आणि ती आपल्या कडुनिंबाच्या कुळातील आहे. क्रिस-क्राफ्टच्या बहुसंख्य बोटींवर जी 'फिलिपिन महोगनी' आहे ती वस्तुतः महोगनीच नव्हे. ती आपल्या साल वृक्षाच्या जातभाईंपैकी आहे. म्हणजे अमेरिकेच्या सरोवरावर जी तांबूस झळाळी दिसते ती आशियातल्या अरण्यातली.

बोटीचा कणा, पुढची नाळ, कण्यापासून दोन्ही बाजूंना निघालेल्या बरगड्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या ही रचना आपल्या मांडवी-जुवारीवरील कोणाही सुताराला ओळखीची वाटेल. फरक आहे तो सांध्यांत. आपल्याकडे दोन फळ्यांच्या फटीत कापूस अथवा काथ्या ठासतात आणि वर तेल-राळ चढवितात. या बोटींच्या बाजूंना प्रत्येक फटीच्या मागून एक लांब पट्टी बसविलेली असते व दोन्ही फळ्या तिच्यावर स्क्रूंनी आवळलेल्या असतात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची लहानशी टिकली बसवून ती घासून सपाट केलेली असते, त्यामुळे स्क्रू दिसत नाहीत. बुडाला फळ्यांचे दोन थर असतात. आतला तिरपा, बाहेरचा लांबीला, आणि दोहोंच्या मध्ये मसाल्यात भिजविलेले जाड कापड. हिवाळाभर कोरडी पडलेली बोट वसंतात पाण्यात सोडली की ती पहिल्यांदा गळते. मग लाकूड पाणी पिऊन फुगते, फटी मिटतात आणि गळती थांबते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता शोध. भाईंनी शोधाला घरातूनच आरंभ केला. एका वहीत त्यांनी चार प्रश्न लिहिले. बोट कोणत्या पाण्यावर चालवावयाची? ती ठेवावयाची कोठे? काम करावयास दिवसातून किती तास मिळतील? आणि बोटीच्या किमतीखेरीज दुरुस्तीला किती पैसा बाजूला काढता येईल? आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. जुन्या बोटीइतकी ही म्हण मी दुसऱ्या कोणत्याही वस्तूला इतकी तंतोतंत लागू पडलेली पाहिली नाही. क्रोमचा मुलामा, इंजिनाचे सुटे भाग, काशाचे स्क्रू, वॉर्निशचे थरावर थर, यांचा खर्च मूळ किमतीला सहज मागे टाकतो. आणि काम पूर्ण झाल्यावर बोट विकली तर ओतलेला पैसा परत येईलच असे नाही; बहुधा येत नाहीच. म्हणून कोणी 'फुकट घेऊन जा' म्हटले तरी त्या बोटीचा हिशेब विकतच्या बोटीइतक्याच काळजीने मांडावा लागतो.

पहिली बोट आम्ही पाहिली ती एका सरोवराच्या काठी. काय तिची झळाळी! वॉर्निशमध्ये आपला चेहरा दिसावा. मालक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अभिमानाने सांगितले, "दहा वर्षांत हिच्यात एक थेंब पाणी आले नाही." मला ती शिफारस वाटली. भाईंनी मात्र कोट काढून माझ्या हाती दिला आणि ते ट्रेलरखाली आडवे झाले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "मास्तर, गळत नाही म्हणूनच मला भीती वाटते रे!"

त्याचे कारण असे. बुडाच्या जुन्या लाकडावर कोणीतरी काचतंतूचे कापड रसायनाने चिकटवून टाकले होते. बाहेरचे पाणी आत येत नव्हते हे खरे. पण वरून पडणारे पावसाचे पाणी आत कोंडून राहत होते. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्याला तितकी धजत नाही. तिला गोडे पाणी, थोडी हवा आणि ऊब हवी असते. लाकडात ओलीचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले की तिचे फावते. भाईंनी खिशातून आरी काढली आणि मालकांची रीतसर परवानगी घेऊन बोटीच्या मागच्या आडव्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात टोचली. वॉर्निशच्या आत अर्धा इंच, आणि मग जणू लोण्यात शिरावी तशी ती मुठीपर्यंत आत गेली. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला फसविले असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. त्या जगात विकणाराही येतो.

त्या दिवसापासून भाई मला तपासणीचे धडे देऊ लागले. ते क्रमाने सांगतो.

बोट पाहावयाची ती खालून वर, वरून खाली नव्हे. आधी कणा. मागून डोळा लावून तो सरळ आहे की वाकला आहे हे पाहावे. मग बुडाच्या मागच्या भागाला लांब सरळ पट्टी लावावी. वर्षानुवर्षे चुकीच्या टेकूवर ठेवलेल्या बोटीचे बूड वाकते. ते खालच्या अंगाला आकड्यासारखे वळले असेल तर वेगात बोटीचे नाक पाण्यात दबते. उलट बाजूने फुगले असेल तर बोट बेडकासारखी उड्या मारीत चालते. वॉर्निशने हा दोष जात नाही.

दुसरे, बरगड्या. बूड आणि बाजू जेथे मिळतात त्या कडेला आतून दिवा लावून प्रत्येक बरगडी पाहावी. तडा पडतो तो बहुधा तेथेच. नाळेचा पायथा, मागच्या फळीचे कोपरे, इंजिनाखालचे लांब वासे, आणि वरच्या तक्तपोशीखाली जेथे पावसाचे पाणी झिरपते त्या जागा, येथे आरी आणि लहान हातोडी दोन्ही चालवाव्यात. निरोगी लाकूड खणखणीत बोलते. कुजलेले भदभद आवाज करते.

तिसरे, स्क्रू. मालक परवानगी देईल तर दोनचार स्क्रू काढून पाहावेत. बोट खाऱ्या पाण्यात राहिली असेल आणि स्क्रू पितळेचे असतील तर पितळेतील जस्त निघून जाते व मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. असा स्क्रू चिमटीत मोडतो. काशाचा स्क्रू टिकतो.

चौथे, इंजिन. ते गंजून जाम झाले असेल तर फारसे भिण्याचे कारण नाही, ते बहुधा सुटते. परंतु त्या प्रदेशात हिवाळ्यात सरोवरे गोठतात. शरद ऋतूत इंजिनातील पाणी काढून टाकण्यास मालक विसरला तर त्या पाण्याचे बर्फ होते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते हे आपल्या आठवीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या नऊ टक्क्यांनी ओतीव लोखंडाचा ठोकळा उभा चिरतो. म्हणून इंजिनाच्या बाहेरच्या भिंतीवर चीर किंवा जोडल्याची खूण आहे काय, हे आरसा घेऊन पाहावे.

पाचवे, धातूचे सामान. नाळेवरची पट्टी, काचेचे खांब, दिवे, घड्याळे, सुकाणूचे चाक. लाकूड नवे मिळते, फळी नवी कापता येते; पण १९४० सालचे एखादे दाबमापक हरवले असेल तर ते शोधण्यात वर्ष जाते. म्हणून तेथील जाणकार म्हणतात की चकचकीत पण सामान हरवलेल्या बोटीपेक्षा राखाडी पडलेली पण सारे सामान असलेली बोट बरी.

आणि या सर्वांवर, विकत घेणाऱ्याने स्वतःचे पैसे देऊन तिऱ्हाईत तपासनीस नेमावा. विकणाऱ्याने दाखविलेल्या जुन्या अहवालावर विसंबू नये.

आता ओळखीची गोष्ट. माणसाला जन्मदाखला, तसा या बोटींनाही असतो. क्रिस-क्राफ्टच्या प्रत्येक बोटीला क्रमांक असे व तो तिच्या लाकडावर ठोकलेला असे. कारखान्यात त्या क्रमांकाचे एक कार्ड ठेवीत आणि बोटीत कोणते इंजिन बसविले, ती कधी व कोणाकडे रवाना झाली हे त्यावर नोंदवीत. सुदैवाने ही कार्डे आज व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियमच्या संग्रहात आहेत, आणि तेथून त्यांची नक्कल मागविता येते. बोटीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि कार्ड तिन्ही जुळले म्हणजे बोट तीच ती, हे सिद्ध झाले. एका सामान्य कारकुनाने त्या दिवशी आपले काम चोख केले, म्हणून इतक्या वर्षांनंतर एका बोटीला आपले नाव-गाव सांगता येते.

हे सारे मला फार कामाचे वाटले. परंतु खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या बोटीच्या वेळी.

एका शेतावरच्या जुन्या गोठ्यात एक बोट पडून आहे अशी बातमी लागली. मालकीण वृद्ध विधवा होत्या. त्यांच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी ती दुरुस्तीसाठी उलगडली होती. मग आजारपण आले, ते गेले, आणि बोट तशीच राहिली. गवताचे भारे बाजूला सारले तेव्हा आतून राखाडी रंगाचे एक कलेवर दिसू लागले. भाई मागच्या बाजूला गेले आणि एकदम गप्प झाले. बोटीची पाठ पिंपासारखी गोल, आतल्या अंगाला वळलेली होती. १९३९ ते १९४२ या थोड्याच वर्षांत बांधल्या गेलेल्या 'बॅरलबॅक' जातीची ती १९ फुटी बोट होती. शौकीन लोक हिच्या मागे वेडे होतात. पेटाऱ्यांत सामान नीट गुंडाळून ठेवलेले होते. लाकडावरचा क्रमांक वाचता येत होता. पुढे कार्डाची नक्कल आली. १९४० साल, आणि इंजिनही तेच.

बाईंनी किंमत सांगितली. ती जुन्या ट्रेलरची असावी इतकी कमी होती. त्यांना ती वस्तू काय आहे याची कल्पना नव्हती. त्यांना फक्त गोठा रिकामा करून हवा होता.

मंडळी, व्यवहारात अशी घटका क्वचित येते. घेणाऱ्याला वस्तूचे मोल कळते आणि विकणाऱ्याला कळत नाही. कायदा कोणालाही अडवीत नाही. जगात 'नशीब लागते' असे म्हणतात ते याच गोष्टीला. भाईंना ती बोट हवी होती, हे मी त्यांच्या हातांकडे पाहूनच ओळखले. ते तिच्या फळ्यांवरून एकसारखे हात फिरवीत होते.

परतीच्या वाटेवर ते बराच वेळ बोलले नाहीत. रात्री त्यांनी ती चार प्रश्नांची वही काढली. बुडाच्या दोन्ही थरांत जीव नव्हता. बरगड्यांपैकी अर्ध्याहून अधिक तडकलेल्या; त्या नव्याने घडवावयास साचे हवेत. वरची तक्तपोशी काढलेली, आणि कोणती फळी कोठली याची नोंद नाही. भाईंचे वय सदुसष्ट. गॅरेज वीस फुटी, म्हणजे बोट आत गेल्यावर माणसाला फिरावयास जागा नाही. ते म्हणाले, "मास्तर, मी ही घेतली तर पाच वर्षांनी हिच्या फळ्या माझ्या गॅरेजात असतील आणि मी त्या बाईंच्या यजमानांच्या जागी असेन. बोटी पाण्याने मरत नाहीत रे. अर्ध्या उलगडून ठेवल्याने मरतात."

मी म्हटले, "भाई, तुम्हाला जमत नसेल तर नका घेऊ, पण किमतीचे बाईंना सांगावयाचे आपल्याला काय कारण?"

ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी आयुष्यभर लोकांचा माल मचव्यावरून नेला. एखाद्याला आपल्या गोणीत काय आहे ते ठाऊक नसले, तर ते त्याला न सांगता ती गोणी त्यांनी विकत घेतली असती काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सर्व खरे सांगितले. बोट कोणती, तिचे मोल साधारण काय, आणि तिच्यावर काम किती. शौकिनांच्या संस्थेच्या तेथील शाखेचा पत्ता दिला. पुढे एका कार्यशाळेने योग्य किमतीला ती बोट घेतली आणि दोन वर्षांनी ती पुन्हा पाण्यावर उतरली. तिचे छायाचित्र भाईंनी मला पाठविले होते. खाली एवढेच लिहिले होते: 'आपली बोट.' ती त्यांची नव्हती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

यानंतर दहाएक महिन्यांनी त्यांनी घेतली ती बोट अगदी साधी. १९५० सालची १८ फुटी 'स्पोर्ट्समन'. हिला डौल कमी. बैठक मोकळी, इंजिन मधोमध पेटीत, कुटुंबाने बसून मासे धरावयास जावे अशी. लाकडाचा रंग उडालेला, पण बरगड्या साबूत, कणा सरळ, सहा सिलिंडरचे 'के' इंजिन जाम झालेले परंतु चीर नसलेले. बूड मात्र सारे नवे करावे लागणार होते, आणि विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितले. भाई म्हणत, दोष आधी सांगणारा विकणारा भेटला की निम्मी तपासणी झाली. तरीही त्यांनी आरी चालवावयाची ती चालविलीच! करार लेखी केला; त्यात बोटीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, ट्रेलर, सुट्या सामानाची यादी आणि मालकीची कागदपत्रे केव्हा हाती येणार याची तारीख, सारे नमूद केले. बोट नेताना कण्याखाली सलग आधार दिला, नाहीतर शाबूत कणा वाटेतच वाकावयाचा.

काम तीन हिवाळे चालले. त्याचा तपशील सांगत बसलो तर अध्यक्ष महाशय घंटा वाजवतील. दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. जुन्या रंगांत शिसे असते. ते घासताना उडणारी धूळ विषारी, म्हणून तोंडाला योग्य मुखवटा हवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. दुसरी, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या बुडाशी साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने ती बाहेर काढावी लागते. जुन्या बोटीत पंखा नसेल तर तो बसवावाच. येथे मूळ स्वरूपाचा हट्ट धरू नये.

मूळ स्वरूप हा शब्द आला म्हणून एक वाद सांगतो. नवे बूड जुन्या पद्धतीने, कापडाचा थर घालून करावे, म्हणजे ते दर वसंतात गळून फुगेल. की आधुनिक रबरी चिकट पदार्थ भरून असे करावे की ते मुळी गळणारच नाही? दोन्ही पक्षांत विद्वान आहेत आणि त्यांचे भांडण आपल्याकडच्या शुद्धलेखनाच्या भांडणासारखे मिटण्यातले नाही. भाईंनी दुसरा मार्ग धरला, कारण त्यांना नातवंडांना बसवावयाचे होते. परंतु त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने केली. कोणती फळी जुनी, कोणती नवी, कोणते द्रव्य कोठे वापरले, हे छायाचित्रांसह एका वहीत लिहून ती बोटीच्या कागदपत्रांत ठेवली. उद्या बोट घेणाऱ्याने विचारण्यापूर्वीच त्याला उत्तर मिळावे.

हा प्रश्न केवळ छोट्या बोटींचा नाही. आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानाचे 'ट्रिंकोमली' नावाचे लढाऊ जहाज बांधले गेले आणि १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला, व आज ते तेथे पाहावयास मिळते. जे सागवान शाबूत होते ते राखले आणि जे गेले तेवढेच बदलले. ट्रिंकोमली मोठे म्हणून त्याला संस्था मिळाली, पैसा मिळाला. अठरा फुटांच्या बोटीला बहुधा एकच माणूस मिळतो. म्हणून त्या एका माणसाने आपली शक्ती आधी मोजली पाहिजे.

समारोप करतो. आमच्या बोलीत 'अमानत' असा शब्द आहे. आपण त्याला ठेव म्हणाल. जुनी बोट पैसे मोजून घेतली तरी ती घेणाऱ्याच्या हाती ठेव म्हणूनच येते, कारण ती त्याच्या आधी कोणाची तरी होती आणि नीट राखली तर त्याच्या नंतरही कोणाची तरी असेल. ठेव घेताना ती सांभाळण्याची ताकद आपल्यात आहे काय, हा प्रश्न स्वतःला विचारणे म्हणजेच पारख. लाकडाची पारख आरीने होते. आपल्या ताकदीची पारख करावयास वही लागते आणि खरे आकडे लिहिण्याचे धैर्य लागते. आपल्यापैकी कोणी उद्या बोट घेईल असे नाही; पण जुने घर, जुना छापखाना, आजोबांची मोटार अशी एखादी वस्तू कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी असेलच. ती आवडते म्हणून तिच्यावर हत्यार चालविण्यापूर्वी एक संध्याकाळ वही घेऊन बसावे. आणि ती पुरी करणे आपल्या हातून व्हावयाचे नाही असे दिसले, तर ज्याच्या हातून होईल त्याला शोधून द्यावे. तेही दुरुस्तीचेच काम आहे.